‘अतिदुर्मिळ’ नाण्याची जाहिरात वाचायची कशी?

खालची जाहिरात कुण्या एका विक्रेत्याची नाही, पण ऑनलाइन लिलाव चार दिवस चाळले की हिची सख्खी भावंडं ढिगानं सापडतात:

“अतिदुर्मिळ!!! ईस्ट इंडिया कंपनी १८१८, हाफ आना, राम दरबार. २०० वर्षं जुनं अस्सल अँटिक. म्युझियम क्वालिटी. आजोबांच्या ट्रंकेत सापडलं. घरात ठेवल्यास बरकत. एकच पीस, पारख असणाऱ्यांनीच बोली लावावी. जसं आहे तसं. रिटर्न नाही.”

नवख्या संग्राहकाचा अंगठा इथेच बोलीच्या बटणाकडे सरकतो. तो दाबण्याआधी काय काय करायचं, ते क्रमानं सांगतो. उदाहरणं मुद्दाम कंपनी सरकारची, राणीछाप रुपयांची आणि शिवराईची, म्हणजे मराठेशाहीच्या तांब्याच्या नाण्याची, घेतली आहेत. मराठी घरात नाण्यांचा नाद लागला की सुरुवात बहुधा यांच्यापासूनच होते, आणि फसवणूकही.

१. आधी खोडाखोड करा

जाहिरातीचा मजकूर कॉपी करून वहीत किंवा फोनमध्ये घ्या आणि जो शब्द तपासता येत नाही तो सरळ खोडा. ‘अतिदुर्मिळ’ गेला, ‘म्युझियम क्वालिटी’ गेली, आजोबा गेले, बरकत गेली. ‘पारख असणाऱ्यांनीच’ हा तर विक्रीचा जुनाच डाव आहे. शंका विचारली की आपण अडाणी ठरू, असं गिऱ्हाइकाला वाटायला लावायचं.

आता उरलं काय? ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, हाफ आना, राम दरबार, जसं आहे तसं, रिटर्न नाही. यातले शेवटचे दोन तुकडे सगळ्यात प्रामाणिक आहेत, कारण तिथे विक्रेत्यानं हात वर केले आहेत. आणि काय लिहिलेलं नाही तेही बघा. वजन नाही, व्यास नाही, धातू नाही, टांकसाळ नाही. एवढ्या विशेषणांना जागा मिळाली, पण ‘इतके ग्रॅम’ या दोन शब्दांना मिळाली नाही.

उरलेले दावे मात्र तपासता येतात. राम दरबार, हनुमान, कमळ अशी चित्रं आणि ‘यूकेएल’ ही अक्षरं असलेली ‘हाफ आना’, ‘वन आना’ नाणी कंपनीनं कधी पाडलीच नाहीत. ती अलीकडे बनवलेली पितळी-तांब्याची चकती असते. काहींवर १७१७, काहींवर चक्क १६१६ साल असतं. १६१६ मध्ये मुंबई पोर्तुगीजांकडे होती, कंपनीच्या हाती ती १६६८ मध्ये आली. हे दाखवून दिलं की काही विक्रेते म्हणतात, “कंपनीच्या नाण्यांवर देव होतेच की!” अर्धं खरं आहे. मद्रासेकडच्या कंपनीच्या सोन्याच्या ‘पॅगोडा’ नाण्यांवर विष्णू होता. पण ते इवलंसं सोन्याचं नाणं वेगळं आणि हे हाताएवढं ‘हाफ आना’ वेगळं. कंपनीचा खरा तांब्याचा पाव आणा बघा, १८३५ चा. एका बाजूला दोन सिंहांनी धरलेलं कंपनीचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला पानांची माळ आणि त्यात किंमत. मुंबई इलाख्याच्या त्याआधीच्या तांब्याच्या नाण्यांवर तराजू असतो. हे दोन प्रकार एकदा हातात घेऊन पाहिलेत की राम दरबारवाली चकती लांबूनही ओळखू येते.

२. कुठला शब्द काय झाकतो

‘दुर्मिळ’, ‘आर’, ‘डबल आर’, ‘ट्रिपल आर’. आर म्हणजे ‘रेअर’, दुर्मिळ. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ही श्रेणी सर्रास दिसते, पण ती ठरवणारी कुठली स्वतंत्र संस्था नाही. लिहिणाऱ्याच्या पेनात किती शाई आहे त्यावर आर वाढतात. ‘१६० वर्षं जुना दुर्मिळ रुपया’ म्हणून व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया विकला जातो, तो नमुना म्हणून घ्या. जुना आहे यात शंका नाही. पण १८६२ हा आकडा टांकसाळींनी पुढची बरीच वर्षं तसाच चालू ठेवला. रुपयावर चालू साल पडायला लागलं ते १८७४ पासून. म्हणजे एकाच सालाच्या नावाखाली दशकाहून अधिक काळाचे रुपये जमा झाले, आणि तेही कोट्यवधी. ठिपक्यांच्या मांडणीवरून त्यांचे प्रकार पाडतात आणि त्यातले काही प्रकार खरोखर कमी सापडतात. पण तसा प्रकार असेल तर विक्रेता ठिपके कुठे किती हे आवर्जून लिहितो. नुसतं ‘दुर्मिळ’ लिहिलेला १८६२ चा रुपया म्हणजे साधा राणीछाप कलदार, यंत्रावर पाडलेला नेहमीचा रुपया.

याच्या उलट उदाहरण म्हणजे जॉर्ज सहाव्याचा १९३९ चा चांदीचा रुपया. हा खरोखरच विरळा. म्हणूनच १९३८ च्या रुपयावरचा शेवटचा ८ कोरून ९ केलेले नग बाजारात फिरतात. दहापट भिंगातून त्या एका अंकाकडे बघा. अंक बाकीच्या अंकांइतकाच उंच उठलेला आहे का? खालचा वेटोळा जिथे उघडला आहे तिथे धातू खरवडल्याच्या रेघा आहेत का? अंकाभोवतीची जमीन एकसारखी आहे की तेवढीच गुळगुळीत? इथे लक्षात ठेवायचं ते असं की दुर्मिळपणाचा दावा खरा असला की धोका वाढतो. साध्या नाण्याची नक्कल करायचे कष्ट सहसा कुणी घेत नाही.

‘शिवकालीन’. आपल्याकडे सगळ्यात जास्त खपणारा आणि सगळ्यात जास्त फसवणारा शब्द हाच. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी तांब्याची शिवराई दिसली की जाहिरातीत लगेच ‘महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळचं नाणं, १६७४’ असं येतं. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, हे खरंच. पण शिवराई त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या पाडली गेली. पेशवाईत, वेगवेगळ्या टांकसाळींत, मजकूर तोच ठेवून. ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई तर उत्तरकाळातलीच. म्हणजे मजकुरात ‘शिव’ आहे म्हणून नाणं महाराजांच्या हयातीतलं ठरत नाही. त्याचा काळ अक्षरांच्या वळणावरून, वजनावरून, ठिपक्या-बिंदूंवरून ठरवावा लागतो, आणि त्यावर अभ्यासकांचेही मतभेद होतात. नवख्यानं घासलेली, काळवंडलेली, साधी शिवराई काहीशे रुपयांत घ्यावी आणि खुशाल घ्यावी. शेकडो हातांतून फिरलेलं मराठेशाहीचं तांबं म्हणून तिची गोडी आहेच. ‘राज्याभिषेकाची’ म्हणून जास्तीचे हजारो रुपये मात्र मोजू नयेत.

होनाची गोष्ट आणखी वेगळी. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन इतका विरळ आहे की तो ‘आज रात्री दहाला बोली संपणार, सुरुवात ९९९ पासून’ असा येणार नाही. येतो तो सोन्याचा मुलामा दिलेला पितळी तुकडा. त्या शीर्षकात एक छोटा, लाजरा शब्द दडलेला असतो: ‘होन टाईप’, ‘होन स्टाईल’, ‘ट्रिब्यूट’, ‘स्मरणार्थ’, ‘टोकन’. सगळ्या मोठ्या अक्षरांत हा एवढासा शब्द कायद्यापुरता घातलेला असतो. तो शोधायची सवय लावून घ्या. आकारही बघा. खरा होन अंगठ्याच्या नखाएवढा आणि तीन ग्रॅमच्या आत. तळहातावर ऐटीत बसणारा ‘होन’ देव्हाऱ्यात ठेवायला ठीक.

‘चकाचक’, ‘मिंट शाईन’, ‘ओरिजिनल लस्टर’. चिंच-मीठ लावून घासलेला चांदीचा रुपया आरशासारखा लखलखतो आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत तिथेच पडते. टांकसाळीतून आलेली मूळ झळाळी वेगळी असते. नाणं प्रकाशात हळूहळू कलतं केलं की तिचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. घासलेल्या नाण्यात प्रकाश सगळीकडे सारखाच पडतो आणि भिंगाखाली एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात. हे एका फोटोत कळत नाही, म्हणून विक्रेत्याकडे दहा सेकंदांचा व्हिडिओ मागायचा.

‘रिस्ट्राइक’. हा शब्द जाहिरातीत असेल तर विक्रेता सरळ आहे. टांकसाळीनं जुन्या छापांवरून नंतर पुन्हा पाडलेली ती नाणी. ती खोटी नव्हेत, पण मूळ नाण्यांच्या भावाची नव्हेत. हा शब्द गाळून नुसतं ‘प्रूफ’, म्हणजे खास झळाळी देऊन पाडलेलं नाणं, असं लिहिलं असेल तर मूळ की रिस्ट्राइक, असं स्पष्ट विचारा.

‘एरर’. म्हणजे टांकसाळीत पाडताना चूक झालेलं नाणं. इथे दहातले बरेच नग टांकसाळीत नव्हे, वर्कशॉपमध्ये जन्मलेले असतात. नाण्यावरच्या मूळ चित्राच्या डोक्यावर दुसऱ्या नाण्याचा उलटा, खोल दबलेला ठसा दिसत असेल आणि मागची बाजू चपटी झाली असेल, तर दोन नाणी शिकंजात धरून दाबली आहेत असं समजा. ॲसिडनं पातळ केलेलं नाणं ‘कमी वजनाचा एरर’ म्हणून येतं. त्याच्या कडा आणि अक्षरं सगळीकडून सारखीच झिजलेली असतात.

‘शेतात नांगरताना सापडलेलं’. हे वाचून भुरळ पडते, पण १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. म्हणजे विक्रेता एक तर थापा मारतोय, नाहीतर गुन्ह्याची कबुली देतोय. दोन्ही बाबतींत आपण लांब राहिलेलं बरं.

‘न तपासलेला लॉट, एक किलो, नशीब आजमावा’. तपासलेला असतो. पुढे चला.

३. ग्रॅम मागा

जाहिरातीत नसेल तर विक्रेत्याला तीनच गोष्टी विचारा: काट्यावरचं वजन दोन दशांश स्थळांपर्यंत, व्यास, आणि धातू. उत्तरात पुन्हा ‘हंड्रेड परसेंट ओरिजिनल’ आलं तर बोलणं थांबवा.

१८३५ पासूनचा कंपनीचा आणि नंतर राणीचा-राजाचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. वापरून झिजलेला ११.४ भरला तर चालेल. पण ९ किंवा १३ भरला तर तो रुपया नव्हे. चांदीची शुद्ध मात्रा काढायची तर ११.६६ गुणिले ०.९१७, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम. समजा चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये आहे, तर नुसत्या धातूची किंमत १,०७० च्या आसपास झाली. त्या दिवशीचा भाव घालून हा हिशेब स्वतः करा. बोली त्याच्या वर जितकी जाईल तितके पैसे तुम्ही साल, प्रकार आणि अवस्थेसाठी देताय. ते पैसे कशासाठी हे सांगता आलं पाहिजे. आणि बोली धातूच्या किमतीपेक्षा बरीच खाली अडकली असेल तर हुरळू नका. इतके जाणकार गप्प का बसले आहेत, हा प्रश्न आधी.

१९४० पासूनच्या जॉर्ज सहाव्याच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली होती. ‘१९४४ चा शुद्ध चांदीचा रुपया’ असं वाचलं की वरचा हिशेब अर्धा करा. १९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया तर निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो आणि ते बरोबरच आहे. नवखे लोक त्यावरून खरं नाणं खोटं ठरवतात. चांदीचा किंवा तांब्याचा म्हणवणारा तुकडा चुंबकाला चिकटला, तर मात्र खेळ खल्लास.

४. फोटो तपासा

दोन्ही बाजू आणि कडा, असे तीन फोटो हवेत. कडेकडे बघायचं कारण म्हणजे ओतीव नकलेला साच्याच्या जोडाची बारीक रेघ कडेवरच सापडते. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतील तर तीही ओतकामाची खूण. फोटो उचलून गुगलवर उलटा शोध घ्या. तोच फोटो तीन वेगळ्या जाहिरातींत दिसला तर नाणं विक्रेत्याच्या हातात नाहीच. पाठीमागे आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवून फोटो मागणं यात उद्धटपणा काही नाही. चांगला विक्रेता लगेच देतो.

नाणं पारदर्शक डबीत सीलबंद असेल, म्हणजे एनजीसी किंवा पीसीजीएससारख्या श्रेणी देणाऱ्या संस्थेचं असेल, तर डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाका. डब्याही नकली येतात. या संस्था १ ते ७० पर्यंत श्रेणी देतात आणि ६० पासून वरची नाणी न वापरलेली मानतात. त्यामुळे डबीशिवाय, स्वतःच्या अक्षरात ‘एमएस ६७’ (एमएस म्हणजे ‘मिंट स्टेट’, न वापरलेलं) लिहिलेलं पाकीट म्हणजे विक्रेत्याचा आशावाद.

५. मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे

गेंड्याचे २५ पैसे दीड लाखाला, वैष्णोदेवीचं नाणं दहा लाखाला, अशा जाहिरातींचे स्क्रीनशॉट घराघरांतल्या ग्रुपवर फिरतात. २०१२ चं वैष्णोदेवीचं पाच आणि दहा रुपयांचं नाणं चलनातलं, तुमच्या भाजीवाल्याच्या गल्ल्यातही निघेल. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून व्यवहारातून बाद झाली, म्हणून ती दुर्मिळ झाली असं नाही. डबेच्या डबे भरून घराघरांत पडली आहेत. कुणीही काहीही मागू शकतो. विकलं कितीला गेलं, तो भाव.

तो शोधायची दोन ठिकाणं. ईबेवर शोध घेतल्यावर ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ ही गाळणी लावा. आपल्याकडची लिलावगृहं प्रत्येक लिलावानंतर मिळालेल्या किमतींची यादी, म्हणजे ‘प्राइसेस रिअलाइज्ड’, संकेतस्थळावर टाकतात. त्याच प्रकारचं, त्याच अवस्थेचं नाणं गेल्या दोन-तीन वर्षांत कितीला गेलं ते चार-पाच ठिकाणी पाहा. आकडे जवळजवळ असतील तर भाव सापडला. एकच आकडा आभाळात गेलेला असेल तर तो सोडून द्या. त्या दिवशी दोन हट्टी माणसं समोरासमोर आली असतील.

६. बोली लावताना

लिलाव सुरू होण्याआधी तुमचा वरचा आकडा कागदावर लिहा. त्यात खरेदीदारावर बसणारा प्रीमियम, म्हणजे लिलावगृहाचं कमिशन, त्यावरचा जीएसटी आणि टपालखर्च धरलेला असू द्या. ‘५,००० ला मिळालं’ म्हणता म्हणता बिल सहा हजारांवर जातं. लिलावगृहाच्या अटींचं पान कुणी वाचत नाही, तिथे हे सगळं लिहिलेलं असतं.

व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या लिलावात ‘रनिंग बिड २,२००, दोन मेंबर मागे लागलेत’ असं कुणी खासगीत कळवलं तर ते दोन मेंबर कोण, हे ग्रुपवर दिसतंय का बघा. विक्रेत्याचीच माणसं बोली फुगवतात, हा प्रकार जुना आहे. एकाच विक्रेत्याच्या नगांवर बोली लावणारं, शेवटच्या क्षणी मागे हटणारं तेच तेच खातं दिसलं तर तो लिलाव सोडा. त्याच जातीचा १८६२ चा रुपया पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहे.

आणि परदेशात राहणाऱ्यांसाठी: शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात बसतं. ते भारताबाहेर नेणं किंवा पाठवणं गुन्हा आहे, त्याला कैदेची शिक्षा आहे. ‘वर्ल्डवाइड शिपिंग’ लिहिणारा भारतातला विक्रेता तुम्हालाही त्यात ओढतोय.

७. पार्सल आल्यावर

पाकीट फोडतानाचा व्हिडिओ करा, आधी पत्ता दाखवून, मग न थांबता. नाणं काट्यावर ठेवा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट शेजारी घ्या. तो बोली लावतानाच काढून ठेवलेला हवा, कारण तक्रार आली की जाहिरात बदलते. फरक असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा. नाणं धुवायचं नाही, पुसायचंही नाही.

डोळा तयार व्हायला खऱ्या नाण्यांसमोर उभं राहावं लागतं. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेसंशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. नव्या स्मारक नाण्यांची हौस असेल तर ती सरकारी टांकसाळीच विकतात, चढ्या भावानं दुसऱ्याकडून घेण्याआधी तिथे पाहा.

८. जाहिरात उलट्या बाजूनंही येते

आतापर्यंत घेणाऱ्याचं बोललो. विकणाऱ्यालाही तीच भाषा गाठते. “तुमच्याकडे आईवाला रुपया, ७८६ ची नोट, ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट आहे का? २५ लाख मिळवा.” फोन केला की समोरचा माणूस रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून ‘सर्टिफिकेट’ पाठवतो आणि मग आधी नोंदणी फी, मग जीएसटी, मग विमा असे हजार-दोन हजार मागत राहतो. रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ ला पत्रक काढून स्पष्ट केलं की अशा व्यवहारांत तिचा काहीही संबंध नाही, ती असं शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कुणालाही तसा अधिकार दिलेला नाही. नाणं विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितका लवकर लावाल तितकी रक्कम समोरच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. फोन लावताना व्यवहार क्रमांक, वेळ, समोरच्याचा नंबर आणि त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवा.